इकडची एक, तिकडची एक

आमच्या दगडाच्या कारखान्यात तिला सगळे थांबाबाई म्हणतात. क्रेनखाली उभं राहून इशारे देणं हे तिचं काम. वर घे, खाली घे, डावीकडे, हळू. पण या सगळ्यांपेक्षा तिची वळलेली मूठच जास्त वेळा वर जाते. मूठ म्हणजे थांब. क्रेनवाला वरच्या केबिनमधून ओरडायचा, "थांबाबाई, आज तरी 'चल' म्हणा की! मूठ दुखत नाही का तुमची?"

"दुखली तर तेल लावीन. तू थांब."

तिच्या आधी त्या जागेवर मी उभा राहायचो. गुडघे गेले, मग घरी बसलो. काम तिला मीच शिकवलं. ती मला काका म्हणते.

काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे दगडाच्या लाद्या येतात, दाराएवढ्या, कधी दाराहून मोठ्या. त्या ट्रकवर आडव्या नाही, उभ्या येतात. झोपडीच्या छपरासारखा दोन्ही अंगांना उतरता लोखंडी सांगाडा असतो. त्याला आम्ही घोडी म्हणतो. घोडीच्या दोन्ही बाजूंना लाद्या टेकवलेल्या असतात. उतरवायचा नियम एकच. इकडची एक, तिकडची एक. एकाच बाजूच्या काढत गेलात तर दुसरी बाजू जड होते आणि घोडी लाद्यांसकट कलंडते. जड बाजूला जो उभा असेल त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

तिचा बाप माझा जोडीदार होता. गिऱ्हाइकाला एक हिरवी लादी हवी होती आणि ती डाव्या अंगाला, चार लहान लाद्यांच्या मागे होती. क्रेन दुसऱ्या शेडमध्ये अडकली होती. मीही तिथेच होतो. त्यानं आणि ट्रकच्या माणसानं त्या लहान लाद्या एकेक करून हातानं उचलल्या आणि उजव्या अंगाला नेऊन टेकवल्या. जमिनीवर ठेवल्या असत्या तरी बरं झालं असतं. लादी नुसती काढली तर फरक एकाचा पडतो. तीच उचलून पलीकडे ठेवली तर फरक दोनाचा पडतो. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. घाई होती. ट्रकचा माणूस वाचला.

ती तेव्हा नववीत होती. पहिलं सत्र चालू होतं. बीजगणिताच्या पुस्तकाला बापानंच सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर घालून दिलं होतं. ती शाळेत परत गेली नाही. आधी आमच्याकडे झाडायला आली, मग लाद्या धुवायला. मग एक दिवस माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला इशारे शिकवा."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच."

मी शिकवलं. हात कसा सरळ ठेवायचा, कुठे उभं राहायचं, क्रेनवाल्याच्या डोळ्यांकडे कसं बघायचं. एकदा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तिनं कधी कुरकुर केली नाही. तिच्या हातात काम गेल्यापासून आमच्या यार्डात कुणाला साधं खरचटलंही नाही. क्रेनवाला हसतो, पण त्याला माहीत आहे.

गेल्या वर्षी नवा नियम आला. क्रेनखाली ज्याला इशारे द्यायचे आहेत त्यानं तंत्रशाळेचा संध्याकाळचा अभ्यासक्रम घ्यायचा. पहिल्या सत्रात जो नापास होईल त्याची जागा दुसऱ्याला. पहिल्या सत्रात इतर विषय होते ते तिला सोपे गेले. दोर, साखळ्या, आकडे, पट्टे. पण एक पेपर बीजगणिताचा होता. एका चलाची समीकरणं आणि थोडी सांख्यिकी.

ती माझ्याकडे आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, बीजगणित आहे."

"मग?"

"मला येत नाही."

"करून बघितलंस?"

"नाही."

"मग येत नाही म्हणू नकोस. केलं नाही म्हण. पुढे बोल."

"मी नापास झाले तर माझ्या जागी पॉलिशवाल्याला ठेवणार आहेत. तो दहावी झालाय. त्याला जमेल." तिनं ओठ चावला. "काका, तो घाई करतो."

एवढंच. पगाराचं ती काही बोलली नाही. धुलाईच्या शेडमध्ये पगार जवळपास तोच आहे. घोडीजवळ कुणाची मूठ वर जाणार, याचीच तिला धास्ती होती.

सत्र संपत आलं होतं. शेवटच्या आठवड्यांत तंत्रशाळेत बीजगणिताच्या उजळणीचे वर्ग होते. पहिल्या दिवशी ती फाटकापर्यंत जाऊन परत आली. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. बाकं लहान पोरांच्या मापाची. वेल्डर, वायरमन, लिफ्टची कामं करणारे, सगळे गुडघे दुमडून बसलेले. मी मागच्या बाकावर बसलो. माझं नाव हजेरीत नव्हतं, पण मॅडमनी हाकललं नाही. मॅडम तरुण होत्या, आवाज खणखणीत. फळ्यावर त्यांनी लिहिलं,

३क्ष + ५ = २०

"सोपं आहे. पाच पलीकडे न्या. कोण सोडवतं?" आणि बोट नेमकं थांबाबाईकडे.

ती उठली. खडू घेतला. टनभर वजनाखाली तिचा हात मी कधी हललेला पाहिला नाही. खडू मात्र फळ्यावर टकटक वाजत होता. तिनं लिहिलं, ३क्ष = २५. मग पंचवीसला तिनानं भागायला लागली. भाग जाईना.

"अहो, पाच पलीकडे गेला की चिन्ह बदलतं. अधिकचं उणे होतं."

"का?"

"का म्हणजे? पक्षांतर केलं की बदलतंच."

"लादी पलीकडे नेऊन ठेवली म्हणून ती उणे लादी होत नाही, मॅडम. तिकडे भरच पडते."

वर्ग हसला. वायरमन म्हणाला, "हिला सगळीकडे लाद्याच दिसतात!" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ३क्षच्या जागी तिचे पंचवीस घालून दाखवले. पंचवीस आणि पाच तीस. एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला वीस. "बघा, तोल गेला," त्या म्हणाल्या.

त्यांनी सहज म्हटलं. त्यांना काय माहीत. थांबाबाईनं खडू खाली ठेवला, पिशवी उचलली आणि बाहेर पडली. मी गुडघे सावरत मागोमाग गेलो. ती नळापाशी उभी होती. नळ सोडला होता, पण पाणी पीत नव्हती.

"वर्ग सोडून आलीस," मी म्हणालो.

"काका, पुस्तकात पानापानावर तेच लिहिलंय. पलीकडे न्या, पलीकडे न्या. मला ते वाचलं की घोडी दिसते. बाबा लादी उचलताना दिसतो. माझा हातच पुढे जात नाही."

 अशा वेळी मी काम सांगतो. म्हणालो, "तोंड धू. उद्या यायचं."

तिला घरी पाठवलं आणि मी परत आत गेलो. वर्ग सुटला होता. मॅडम फळा पुसत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, घोडी, चार लहान लाद्या, ती हिरवी लादी. त्या पुसायच्या थांबल्या. 

"काका, मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कसं माहीत असणार?"

"पण पेपर तिला द्यायचाच आहे. मी तिला सूट देऊ शकत नाही."

"सूट मागायला नाही आलो. दुसरी रीत असेल तर सांगा. मेहनत ती करेल."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा तेच समीकरण लिहिलं. खाली एक ओळ जास्त लिहिली.

३क्ष + ५ − ५ = २० − ५

"पलीकडे काही न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "इकडचे पाच उतरवा. तिकडचे पाच उतरवा. खरं तर पक्षांतर म्हणजे हेच. लिहायचा कंटाळा म्हणून मधली ओळ गाळतात. तुम्ही गाळू नका."

थांबाबाई त्या ओळीकडे टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "इकडची एक, तिकडची एक."

"तसंच."

"३क्ष बरोबर पंधरा. क्ष पाच." मग घाबरून मागे वळून माझ्याकडे बघितलं, कुणी काही पाडेल की काय असं. "घालून बघू का?" घालून बघितलं. पंधरा आणि पाच वीस. दोन्हीकडे वीस.

"पण एक सांगते," मॅडम म्हणाल्या. "या रीतीनं प्रत्येक उदाहरणाला दुप्पट ओळी लागतात. पेपरात वेळ मोजकाच असतो. शेवटची उदाहरणं राहतील."

"राहू देत."

"राहू देत म्हणून चालणार नाही. नापास व्हाल."

तेव्हापासून ती दुसऱ्याच भीतीत पडली. आधी उदाहरणाची भीती होती, आता घड्याळाची. वर्ग सुटला की मी रोज तिच्या घरी जायचो. नवरा शिंपी. एकाच खोलीत त्याचं मशीन, कापडाच्या चिंध्या आणि तिची वही. मी सांगितलं होतं, वेग वाढवायचा तर हात बसला पाहिजे. एक उदाहरण दहादा कर. चूक झाली की पहिल्यापासून. ती करायची. वजाबाकीची खूण आली की श्वास रोखायची.

"उणे चार म्हणजे काय, काका? नसलेल्या लाद्या?"

"खड्डा समज. दोन्हीकडे चार चार टाक. इकडचा खड्डा भरेल, तिकडे चार वाढतील."

हे मला आधी येत होतं असं नाही. मागच्या बाकावर बसून मीही शिकत होतो. माझ्या वहीत तिच्याहून जास्त खाडाखोड आहे.

सांख्यिकीनं वेगळाच घोळ घातला. पाच लाद्यांची वजनं दिली होती. १६०, १७०, १७०, १८०, ३२०. मध्य काढा. तिनं बेरीज केली, पाचानं भागलं, दोनशे आले. आणि पेन्सिल टाकून दिली.

"यात दोनशेची एकही लादी नाही!"

"नसेना," मी म्हणालो.

"मग हे वजन कुणाचं? मी दोनशे म्हणून इशारा दिला आणि क्रेनच्या आकड्याला तीनशे वीसची लागली तर?"

नवरा मशीन थांबवून म्हणाला, "अगं, मी गावातल्या सगळ्या बायांच्या मापाची सरासरी काढून एकच झंपर शिवला तर कुणाला बसेल?"

"कुणालाच नाही."

"झालं तर. तो झंपर घालायचा नाही. नुसता पेपरात लिहायचा."

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न तिनं मॅडमना विचारला. मॅडम म्हणाल्या, "क्रेनला मध्य सांगायचा नाही, क्रेनला सगळ्यात मोठं वजन सांगायचं. पण प्रश्नात जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं. मध्य विचारला, मध्य द्या. तुमची भीती उत्तरात मिसळू नका." हे थांबाबाईला लागलं. तिनं वहीच्या कडेला लिहून ठेवलं. मध्यक म्हणजे रांगेतला मधला, बहुलक म्हणजे जास्त वेळा आलेला, हे त्यामानानं पटकन बसलं.

मग ते घडलं.

ती वर्गाला आली की यार्डात तेवढा वेळ पॉलिशवाला इशारे द्यायचा. एका रात्री क्रेनवाला तिच्या घरी आला. उंबऱ्यातच उभा राहिला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, त्या दिवशी बोबडी वळली होती.

"बसा ना," नवरा म्हणाला.

"नको. थांबाबाई, आज घोडी उचलली."

"म्हणजे?"

"त्यानं डावीकडच्या तीन काढायला लावल्या. ओळीनं. म्हणाला, पटकन होईल. तिसरी सुटली आणि घोडीचं डावं पाऊल वर आलं. वीतभर. मी वरून बघितलं. परत खाली बसलं नशिबानं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "उजवीकडे धुलाईवाली उभी होती."

 थांबाबाईनं वही मिटली.

"मी उद्यापासून वर्गाला येत नाही."

"मग पेपरात नापास होशील," मी म्हणालो. "आणि मग तो कायमचाच उभा राहील."

"आणि गेले तर? पेपर होईपर्यंत रोज संध्याकाळी तो उभा राहील. मी तिथे क्ष काढत बसायचं आणि इकडे..." 

मीही घाबरलो होतो. तो आवाज मी एकदा ऐकलाय. तो कानातून जात नाही. पण भीती वाटली म्हणून हातातलं काम सोडायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

"तू वर्गाला जा," मी म्हणालो. "घोडीपाशी मी बसतो."

"तुमचे गुडघे?"

"बसायचंच आहे. नाचायचं नाही."

क्रेनवाला म्हणाला, "काका बसणार असतील तर मी त्यांच्याकडेच बघेन. पॉलिशवाला काय हात हलवायचे ते हलवू दे."

मुकादमाला विचारलं. तो आधी नाही म्हणाला. मग क्रेनवाल्यानं त्याला सांगितलं की घोडीचं पाऊल वर आलं ते मालकाला कळलेलं नाही, अजून. मुकादमानं मला स्टूल आणून दिलं.

पेपरापर्यंत रोज मी त्या स्टुलावर बसलो. पॉलिशवाला माझ्यावर खार खाऊन होता. "आजोबा, तुमच्या काळात वेळ होता," म्हणाला. मी मूठ वर केली. क्रेन थांबली. त्याला उजवीकडची लादी दाखवली. ती गेली, मग डावीकडची. रात्री पाय सुजायचे. ते माझं मी बघत होतो.

पेपर सुट्टीच्या दिवशी होता. यार्ड बंद. मी तिच्याबरोबर गेलो. फाटकाशी ती थांबली. "काका, परत जाऊ या."

"जाऊ. पेपर झाल्यावर."

ती आत गेली. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. कागदांची सळसळ ऐकू यायची, मधूनच कुणाचं तरी खाकरणं. क्रेनखाली निदान डोळ्यांनी बघता येतं. इथे काहीच हातात नाही.  अर्धा तास राहिल्याची घंटा झाली तेव्हा मी उठून उभा राहिलो, जणू मलाच काही लिहायचं होतं.

आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. सांख्यिकी नीट झाली. मध्य विचारला होता, मध्य दिला. कुणाचा म्हणून विचारलं नाही. घंटा झाली तेव्हा समीकरणं पुष्कळ उरली होती. शेजारचा वायरमन भराभर पलीकडे नेत होता, त्याची पानं उलटत होती. हिच्यासमोर होतं,

७क्ष − ४ = ३क्ष + १६

घाबरून तिनं ठरवलं, आपणही पलीकडे नेऊ. ३क्ष उचलला. बरोबरच्या खुणेवर पेन्सिल आली आणि तिथेच थांबली. चिन्ह काय करायचं ते तिला आठवेना. बदलायचं हे माहीत होतं, पण हात ऐकेना. डोळ्यांपुढे हिरवी लादी. बाहेर कुणाच्या तरी चपलांचा आवाज. ती म्हणाली, "काका, मी खरंच बाकाखाली मूठ वळली. स्वतःलाच." मग खोडलं. दोन्हीकडचे ३क्ष उतरवले. दोन्हीकडे चार टाकले. ४क्ष बरोबर वीस. क्ष पाच. घालून बघितलं. एकतीस आणि एकतीस. पुढचं घेतलं. त्याच्याही दोन ओळी. त्याच्या पुढचंही तसंच.

बाहेर आली तेव्हा पदर घामानं ओला होता.

"शेवटचे दोन अख्खे प्रश्न राहिले," ती म्हणाली.

"केलीस ती ताडून बघितलीस?"

"सगळी."

"मग चल."

  निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. ती क्रेनखाली उभी राहायची, पण उद्या आपण इथे असू की नाही या विचारानं तिचा चेहरा ओढलेला. पॉलिशवाल्यानं हातमोजे नवे घेतले होते. मी स्टूल परत केलं नव्हतं.

निकाल मॅडमनीच फोन करून सांगितला. ती पास झाली होती, काठावर. शेवटच्या दोन प्रश्नांचे, म्हणजे जवळजवळ निम्मे, गुण अर्थातच नव्हते. बाकी एकही उत्तर चुकलं नव्हतं. "पुढच्या सत्रात दोन चलं येतील," मॅडम म्हणाल्या. थांबाबाईनं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि जमिनीवर बसली. नवरा म्हणाला, "ऊठ, बाई. दोन येतात तर येऊ देत. एक क्ष तरी कुठे ओळखीचा होता आपल्या?"

दुसऱ्या दिवशी मी स्टूल द्यायला यार्डात गेलो. ट्रक आला होता. घोडी दोन्हीकडून भरलेली. ड्रायव्हर घाईत होता, भोंगा वाजवत होता. क्रेनवाला वरून ओरडला, "पास झालात ना थांबाबाई! आता जरा पटापट. डावीकडच्या दोन अगदी तोंडाशीच आहेत, घेऊ का पाठोपाठ?"

तिची मूठ वर गेली.

"आम्हाला पेढा नाही, काही नाही, नुसती मूठ!" तो हसला आणि क्रेन उजवीकडे नेली.

उजवा हात तिनं ताठ धरला होता, मी शिकवला तसा. डावा हात पाठीमागे होता. तो कापत होता. क्रेनवाल्याला तो दिसत नव्हता. मला फाटकापासून दिसत होता. उजवीकडची लादी उचलली गेली, जमिनीवर टेकली, मग तिनं डावीकडे बोट केलं.

स्टूल मी परत केलं नाही. फाटकाशीच ठेवून आलो, पुढच्या सत्रात लागेल म्हणून.